सोनाबाई आणि सव्वीस डोकी

सोनाबाईला बोरखोलात नुसतं सोनाबाई म्हणून कोणी हाक मारत नाही. तोंडावर ‘मास्तरीणबाय’ आणि पाठ वळली की ‘खिचडीबाय’. दोन्ही नावं तिला ठाऊक आहेत. गंमत अशी की दुसऱ्याचा तिला राग येतो आणि पहिल्यातली थट्टा तिला आजवर कळलेली नाही.

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं आणि कर्नाळ्याचा सुळका दिसू लागला, की त्याच्या अलीकडे आत वळायचं. तिथं बोरखोल. गाव आगऱ्यांचं. जमिनी रस्त्याला आणि बिल्डरला गेल्या तेव्हापासून घरांना मजले आले आणि माणसांना ब्लडप्रेशर. वर जंगलाच्या कडेला कातकऱ्यांची वाडी आहे, आणि गाव नि वाडी यांच्या बरोबर मधे जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, बाजूला चुलाणाची खोली. चुलाण जाऊन गॅस आला, नाव चुलाणच राहिलं. आजूबाजूच्या दहाबारा शाळा मिळून एक केंद्र होतं. त्या केंद्रातली ही सगळ्यांत लहान शाळा. गावची पोरं पिवळ्या बसमधून नवीन पनवेलच्या इंग्रजी शाळेत जातात. इथं सत्तावीस पोरं, सत्तावीसच्या सत्तावीस वाडीची. गावाला शाळेशी घेणं नाही, देणं नाही, फक्त मान हवा. झेंड्याचा नारळ गावानं फोडायचा, निरोपसमारंभाला खुर्चीवर गावानं बसायचं.

या शाळेत सोनाबाई चौदा वर्षं खिचडी शिजवते आहे. उरणकडच्या मिठागराच्या घरातली लेक, बोरखोलात दिली काशीरामला. काशीराम लवकर गेला. गाव सांगतं काविळीनं गेला. कावीळ त्याला रोज संध्याकाळी नाक्यावरच्या दुकानात व्हायची. त्याच्या मागं धाकट्या दीरानं जमिनीचा सौदा केला, तीन मजले चढवले, आणि वहिनीला डावललं असं कोणी म्हणू नये म्हणून इमारतीला नाव दिलं ‘काशीराम निवास’. नाव भावाचं, मजले आपले. सोनाबाईला मिळाली तळमजल्यावरची, पार्किंगला लागून असलेली खोली, पुढं एक ओटा. रात्री-अपरात्री गाडी आली की गेट उघडायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. दिराची सून दिपिका पाहुण्यांना सांगते, “आमच्या सासूबाई खाली असतात, त्यांना जिना चढवत नाही.” सोनाबाई हंडा डोक्यावर घेऊन टेकडी चढते, तो भाग वेगळा.

म्हणून शाळा. सकाळी नऊला कमरेला चुलाणाची किल्ली खोचून ती गेटाबाहेर पडली, की दिराच्या घराकडे वळूनही बघत नाही. शाळेत ती कोणीतरी असते. “माज्या शाळंत असला चावटपणा नाय चालायचा,” असं ती पोरांना सांगते, आणि शैलेश गुरुजी, जे खरे या शाळेचे मुख्याध्यापक, शिपाई आणि एकुलते एक शिक्षक, तेही मुकाट ऐकतात. गुरुजींचा घराजवळच्या बदलीचा अर्ज तीन वर्षं वर पडलेला आहे. अर्ज पडलेला माणूस कोणाशी भांडत नाही.

तिच्या हाताखाली दुसरी मदतनीस, वाडीची बुधी. नियम असा की पंचवीस पोरांपर्यंत एक बाई, सव्वीस झाली की दोन. कागदावर दोघींची जागा सारखी. प्रत्यक्षात बुधी लाकूडफाटा होता तोवर लाकूड फोडायची, आता टोप घासते, पाणी भरते, तांदूळ निवडते. पळीला हात लावायचा नाही. एकदा, सोनाबाई तापानं पडली तेव्हा, बुधीनं वाढलं. बरी होऊन आल्यावर सोनाबाईनं पळी चिंच लावून तीन वेळा घासली, व्हरांड्यात बसून, सगळ्यांना दिसेल अशी.

“पितळेची नाय ती, सोनाबाय,” बुधी लांबून म्हणाली. “इस्टीलची हाय. चिंच फुकट गेली.”

“तू तुजं टोप बघ.”

बुधीचं तोंड असं. फटकन बोलते आणि कामाला लागते. दोघींचं चौदा वर्षं हेच चाललं होतं, आणि ते तसंच चाललं असतं. पण यंदा अष्टमी तीस सप्टेंबरला आली.

तीस सप्टेंबर हा शाळांच्या जगातला मोठा दिवस. त्या दिवशीचा पट वर्षभर धरतात. शिक्षक किती, बाया किती, शाळा राहणार की जवळच्या शाळेत ढकलणार, सगळं त्यावर. एरवी पट म्हणजे हजेरीतली नावं, आणि नावं काय, लिहील तेवढी. पण केंद्राला नवे केंद्रप्रमुख आले होते, शार्दूल साहेब. वय तिशीच्या आत, परीक्षा देऊन थेट साहेब झालेले. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, “मी रजिस्टर बघणार नाही. डोकी मोजणार. आणि बोरखोलला तीसला दुपारी दीड वाजता येणार.” गुरुजींनी ते सोनाबाईला सांगितलं, बुधीला सांगितलं, वाडीवर जाऊन प्रत्येक खोपटात सांगितलं. सत्तावीस पोरं हवीत, फार तर एखादं कमी. सव्वीसच्या खाली गेलो तर एक बाई जाईल.

“जाईल ती बुधी,” सोनाबाई म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही, असं दिपिकाच पुढं सगळ्यांना हसत सांगायची. “सासूबाई पार्किंगमधे फेऱ्या मारत होत्या. सव्वीस, सव्वीस म्हणत.” कारण कागद सारखा होता. बाई कोणती ठेवायची हे शाळेची समिती ठरवते, आणि समितीत पोरांचे आईबाप लागतात. गावानं पोरं उचलून इंग्रजी शाळेत नेली तेव्हा समिती आपोआप वाडीची झाली, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. अध्यक्ष म्हणून जैतूचं नाव होतं. जैतू म्हणजे वाडीतला सही करता येणारा माणूस, बुधीचा चुलतभाऊ.

शाळेत दसऱ्याच्या आधी, अष्टमीला, पाटीपूजन होतं. पोरं पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढतात, झेंडू वाहतात, आणि त्या दिवशी खिचडीऐवजी काहीतरी गोड असतं. यंदाचं गोड दाजींनी दिलं होतं. दाजी म्हणजे गावातलं सर्वांत मोठं पोट आणि सर्वांत मोठा शब्द. त्यांची नात मनस्वी त्याच दिवशी सात वर्षांची होत होती. इंग्रजी शाळेला सुट्टी. दाजी म्हणाले, “पोरीचा वाढदिवस शाळंतच करू. पुण्य पण लागंल, फोटो पण निघंल.” शिरा, पुऱ्या, वाटाण्याची उसळ. रवा-तूप दाजींचं, हात सोनाबाईचा. तिनं सकाळी सहापासून रवा भाजला. वास वाडीपर्यंत गेला, आणि पोरं दहा वाजता हजर. सत्तावीस. गुरुजींनी दोनदा मोजली.

पूजा झाली. साडेबाराला सात-आठ गाड्या आल्या. दाजी, दाजींची सून, मनस्वी, मनस्वीच्या वर्गातल्या बारा-चौदा मैत्रिणी, त्यांच्या आया, एक केक. आता सोनाबाईपुढं प्रश्न नव्हताच. ज्यांच्या घरचा शिरा त्यांची पंगत पहिली, ही बोरखोलची रीत. लग्नात तीच, बारशाला तीच. तिनं वाडीच्या पोरांना व्हरांड्यातून उठवलं.

“चला रे, खाली व्हा. पाव्हणी बसूंदे.”

पोरं पाट्या छातीशी धरून पायऱ्यांखाली उन्हात उभी राहिली. ऑक्टोबरच्या दारातलं ऊन, ते काय चीज आहे ते पनवेलच्या माणसाला सांगायला नको. वर पंगत बसली. सोनाबाईच्या अंगात वारं भरलं होतं. जन्मात तिला एवढ्या नीटनेटक्या बाया “अजून वाढा ना, आँटी” म्हणाल्या नव्हत्या. ती वाढत गेली. मनस्वीनं दोन घास खाऊन ताटली सरकवली. तिला केक हवा होता. आयांनी डबे आणले होते. सोनाबाईनं डबे भरले. दाजींच्या सुनेला तर वरून तूप सोडून दिलं.

गुरुजी दोनदा तिच्या कानाशी लागले. “सोनाबाई, एक वाजून गेला. साहेब येतील. पोरांना बसवा.”

“गुरुजी, दाजींचा मान हाय. पोरं काय, उबी राह्यली तर झिजनार हायत?”

वाडीची पंगत बसली तेव्हा टोपाच्या तळाला करपलेली खरवड तेवढी राहिली होती. पुऱ्या चार. सोनाबाईनं सकाळचा साधा भात काढला आणि उसळीचं पाणी. पहिल्या ओळीत बुधीची नातवंडं होती, सुरज आणि दिपा. दिपा पहिलीतली. तिनं ताटलीतल्या भाताकडं बघितलं, मग टोपाकडं.

“शिरा?”

गाड्या अजून उभ्या होत्या, आया बघत होत्या. सोनाबाईला वाटलं आपण काहीतरी गमतीचं बोललं पाहिजे.

“शिरा दाताला चिकटतो गो,” ती मोठ्यानं म्हणाली. “तुमाला खेकडंच बरं. जा, व्हाळात मिळतील.”

आया हसल्या. दाजी तर पोट धरून. आता खेकडा काय सोनाबाईच्या घरात शिजत नाही? तिच्या खेकड्याच्या रश्शासाठी दीर तीन मजले उतरून खाली येतो. पण हसणाऱ्यांत तेव्हा हे कोणाला आठवलं नाही.

बुधी टोप घासत होती. तिनं हात धुतले. पदराला पुसले. येऊन सुरजचा हात धरला, दिपाचा धरला, आणि पायऱ्या उतरली. गुरुजी मागं धावले.

“बुधीबाई, अहो, आज मोजणी आहे! पाच मिनिटांचं काम आहे!”

“मोजा की,” बुधी न थांबता म्हणाली. “भांडी घासून ठेवलीत. ती मोजा.”

शार्दूल साहेब एक वाजून पंचवीस मिनिटांनी आले. लवकर येणारा साहेब हा एक वेगळाच उपद्रव असतो. त्यांनी पेनाच्या टोकानं एकेक डोकं मोजलं. पंचवीस. पुन्हा मोजलं. पंचवीस. दाजींनी त्यांना केक दिला, त्यांनी घेतला, आणि पंचवीस लिहिलं.

अष्टमीच्या संध्याकाळी देवीची ओटी भरायची सोडून सोनाबाई दाजींच्या ओसरीवर. ओसरी कसली, सोफा होता. ती खाली बसली.

“दाजी, समिती वाडीची हाय. जैतू बुधीलाच ठेवंल. मी काय करू? मला दुसरं काय येतंय?”

“रडतेस कशाला? जैतू कोण ठेवनार?” दाजी उठले, टीव्हीखालचा खण उघडला आणि चार कोरे कागद काढले. चारही कागदांच्या खाली जैतूची सही, वाकडी, पण दर वेळी सारखीच वाकडी. “ऑगस्टात झेंड्याला आला व्हता तवाच घेऊन ठेवल्यात. कामाला येतात.”

ही दाजींची पद्धत. गावात कोणी वाईट म्हणत नाही; उलट, दूरदृष्टी म्हणतात.

कागद गुरुजींनी लिहायचा होता, म्हणून त्यांनाही ओसरीवर बोलावून घेतलं. गुरुजींनी पेन हातात घेतलं आणि एकदाच, आयुष्यात एकदाच, बोलले.

“दाजी, एक विचारू? दिवाळीनंतर वाडी भट्टीवर जाते, विटा पाडायला. बुधीबाई शाळेच्या कामासाठी मागं राहते, म्हणून सगळे आपली पोरं तिच्या खोपटात ठेवून जातात. ती गेली तर पोरं कोण सांभाळणार?”

सोनाबाई हसली. तिचं खरंच हसू फुटलं. “गुरुजी, तुमी पन ना! पोरं कुठं जातील? त्यांना काय घरदार हाय? खायला मिळतं तिथं येतात ती. मी शिजवनार, ती येनार.”

“ऐकलंत?” दाजी म्हणाले. “आणि तुमच्या बदलीचं मी बोललोय हां वर.”

गुरुजींनी लिहिलं : बुधीबाईंची प्रकृती ठीक नसल्याने त्यांना कामावरून कमी करण्यात यावे, असे समितीने एकमताने ठरविले. अक्षर त्यांचं फार सुंदर आहे.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी बुधीला कळलं. तिनं पदर खोचला आणि वाडीची वाट धरली. जैतू मात्र दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या दारात येऊन उभा राहिला.

“गुरुजी, मी कवा ठरवलं हे?”

गुरुजींनी कागद दाखवला. “सही तुझीच ना?”

जैतूनं बराच वेळ बघितलं. “हाय माजीच.”

“मग?”

“मग काय,” जैतू म्हणाला, “मंजी ठरवलंच असंल,” आणि गेला. हा किस्सा दाजींनी दिवाळीभर प्रत्येक फराळाला सांगितला, आणि प्रत्येक वेळी लोकांना चिवड्याचा ठसका लागला.

सोनाबाईची ती दिवाळी तिच्या आयुष्यातली सर्वांत चांगली. चुलाणाची किल्ली तिनं नव्या लाल गोफात ओवली. दिपिकाला ऐकू जाईल असं ओट्यावरून बोलायची, “आता सगळं एकटीवर आलं बाय. दोघींचं काम.”

सुट्टी संपली. पहिल्या दिवशी ती आठलाच शाळेत. पंचवीस जणांचा तांदूळ धुतला, डाळ टाकली, स्वतः पाणी भरलं, स्वतः टोप घासला. अकरा वाजले, बारा वाजले. गुरुजी व्हरांड्यात खुर्ची टाकून वाडीच्या वाटेकडं बघत बसले होते. वाटेनं एक शेळी आली, तीही परत गेली.

“येतील,” सोनाबाई म्हणाली. “दिवाळीचं सुस्तावलं असतील.”

एक वाजता ती स्वतः वाडीवर चढली. खोपटांना बाहेरून कड्या, कड्यांना सुतळी. बुधीच्या दाराला तर काटेरी फांदी लावली होती, कुत्रं शिरू नये म्हणून. एक आंधळी म्हातारी तेवढी मागं राहिली होती. तिनं सांगितलं, मुकादमाचा ट्रक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. दरवर्षी मोठी माणसं जातात. यंदा बुधीच निघाली म्हटल्यावर पोरं कोणाकडं ठेवायची? सगळीच चढली.

दुसऱ्या दिवशी तिनं दहा जणांचं शिजवलं. तिसऱ्या दिवशी पाच. ते दाजींच्या कुत्र्यांनी खाल्लं. चौथ्या दिवशी शार्दूल साहेब आले, शून्य मोजलं, आणि गुरुजींना तात्पुरतं केंद्रातल्या दुसऱ्या शाळेवर पाठवलं. ती शाळा गुरुजींच्या घराजवळ निघाली. दाजींचा शब्द असा वाकड्या वाटेनं खरा झाला. जाताना साहेबांनी हात पुढं केला. “किल्ली द्या, बाई. मुलं आली की बघू.”

सोनाबाई पुन्हा दाजींकडं. दाजींना लग्नाला जायचं होतं, गाडी सुरू होती. “अगं, माजी नात तिकडं शिकते. या शाळेत मी कोन? मी बोललो तर बरं दिसंल काय?” काच वर गेली.

घरी दिपिका म्हणाली, “बरं झालं सासूबाई, आता दिवसा पण गेटवर कोणीतरी राहील.”

मग सोनाबाईनं जे केलं ते बोरखोलात अजून कोणी मानायला तयार नाही. पण शैलेश गुरुजींना ते जैतूनं सांगितलं, आणि जैतूला खोटं रचता येत असतं तर तो अध्यक्ष झालाच नसता. नोव्हेंबरच्या एका सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून तळोज्याच्या मागच्या भट्टीवर गेली. दोन रिक्षा बदलून, मग चालत. वर एमआयडीसीचा पिवळा धूर, खाली मातीचा चिखल, आणि त्या चिखलात पोरंच पोरं. पंचवीस नव्हेत, सत्तावीस. लहानगी सुकलेल्या विटा उलटत होती, मोठी डोक्यावर वाहत होती. सुरजच्या पायाला चिंधी बांधलेली. पहिलीतली दिपा मातीतले खडे वेचत होती.

बुधी साच्यात चिखल थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

“बुधे, परत चल,” सोनाबाई म्हणाली. “मी सांगते गुरुजींना, दुसरा कागद लिहू. दोघी राहू.”

“मुकादमाला शबूद दिलाय. पावसाळ्याआदी सुटका नाय.”

“मंग पोरं तरी दे. पाच-सहा दे. शाळा उघडंल. साहेब बोललाय, पोरं आली तर किल्ली देतो.” ती लुगडं सावरत चिखलाच्या कडेला आली. “मी सांभाळते. माज्या घरी ठेवते. खायला-प्यायला घालते. आयशीवानी बघते, देवीची आन.”

आजूबाजूचे साचे थांबले. पोरांच्या आया बघू लागल्या. एक-दोघींच्या डोळ्यांत, जैतू सांगतो, खरंच आलं होतं, द्यावीत म्हणून. सुरजच्या पायाची जखम चिघळत होती. बुधीही थांबली. पहिल्यांदा तिनं मान वर केली.

“तुज्या घरी?” ती म्हणाली. “ओट्यावर का आत?”

प्रश्न तिनं कुचक्यानं विचारला नव्हता. उत्तर ‘आत’ असतं, तर तिनं पोरं दिली असती. सोनाबाईला ते दिसत होतं. नुसतं ‘आत’ म्हणायचं होतं, आणि मग घरी नेऊन कुठंही झोपवता आली असती. बघायला कोण येणार होतं?

बुधीनं वाट बघता बघता एक वीट पाडली. दुसरी पाडली. तिसरी पाडली.

“ओट्यावर,” सोनाबाई म्हणाली. “पन वर पत्रा हाय गो. दव पडत नाय.”

कोणी हसलं नाही. बुधीनं साचा पाण्यात बुडवला आणि खाली वाकली. बाकीच्याही वाकल्या.

रिक्षाच्या थांब्यापर्यंत जैतू तिला सोडायला गेला. वाटेत ती एकदाच बोलली, आणि तेही त्याच्याकडं न बघता, मान ताठ ठेवून.

“आत बोलले असते तर मिळाली असती पोरं. पन देवीची आन घेतलेली. मी कोनाला फसवत नाय.”